नामांतर की नामविस्तार?
लेखमाला : बदलाचे शब्द

गेल्या आठवड्यात ‘क्रांती’ पाहिली. आज शेवटी ‘अंतर’ असलेले शब्द घेऊ : स्थलांतर, सत्तांतर, रूपांतर, भाषांतर. संस्कृत समासात शेवटी येणाऱ्या या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, नामांतर म्हणजे दुसरे नाव. मराठीत त्याला बदलण्याच्या क्रियेचाही अर्थ आला. दुसरे म्हटले की पहिले आलेच, त्यामुळे या शब्दांत मागे टाकलेली गोष्टही शिल्लक राहते. एरवी ते जाणवत नाही. महाराष्ट्रात दोन शब्दांच्या बाबतीत मात्र फार तीव्रतेने जाणवले.

येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. तेव्हापासून वादात, सभांत, वर्तमानपत्रांत शब्द होता ‘धर्मांतर’. स्वतः बाबासाहेबही तोच वापरत. मे १९३६ मधल्या मुंबईच्या महार परिषदेत तर त्यांनी धर्मांतराला नामांतराची जोड दिली : धर्म बदलायचा, तसे जातीचा शिक्का बसलेले नावही बदलायचे.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात त्यांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसाचे नाव मात्र ‘धर्मांतर दिन’ पडले नाही. तो ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’. बुद्धाच्या सारनाथच्या पहिल्या उपदेशाचे हे नाव. प्रवर्तन म्हणजे गती देणे. काय सोडले, याचा त्यात उल्लेखच नाही. घरांतही ‘आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली’ असेच बोलतात. बातम्यांतले ‘धर्मांतर’ व्याकरणाने चुकीचे नाही, पण ज्यांनी ते पाऊल उचलले त्यांचा शब्द आधी यायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा शब्द ‘नामांतर’. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांच्यासह अनेकांचे जीव गेले. अंमलबजावणी थांबली. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास अशी सोळा वर्षे गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ला नाव आले : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुने नाव हटले नाही, त्याच्या आधी नवे जोडले गेले. म्हणून सरकारी शब्द ठरला ‘नामविस्तार’. विरोधकांना ‘मराठवाडा’ राहिल्याचे समाधान मिळावे, ही तडजोड त्या एका शब्दात आहे. चळवळीने ती स्वीकारली, पण लढ्याचे नाव बदलू दिले नाही. तो आजही ‘नामांतराचा लढा’च.

दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गावोगावचे लोक लोटतात, कमानीसमोर माथा टेकवतात. दुसऱ्या दिवशी बातमी असते ती ‘नामविस्तार दिनी नामांतर शहिदांना अभिवादन’ अशा धर्तीची. सोहळ्याच्या दिवसाला सरकारचा शब्द, जीव दिलेल्यांना चळवळीचा.

पुढील भागात : ‘उत्क्रांती’.