भुताच्या गोष्टी मुलांना द्याव्यात काय?

भुताखेतांची, जादूची पुस्तके मुलांच्या हाती देऊ नयेत, असे आपल्यातील बरेच पालक म्हणतात. त्यांचे म्हणणे वावगे नाही. भगत, देवऋषी, अंगात येणे, उतारा टाकणे या जंजाळातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. तीच भुते पुस्तकाच्या वाटेने घरात कशाला आणायची, ही शंका रास्त आहे. परंतु भुताची गोष्ट वाचणे आणि भुतावर विश्वास ठेवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. एका पुस्तकाच्या आधारे आम्ही हे मांडू इच्छितो.

पुस्तक इंग्लंडचे आहे. जे. के. रोलिंग या लेखिकेचे ‘हॅरी पॉटर अँड द चेंबर ऑफ सिक्रेट्स’ १९९८ साली प्रसिद्ध झाले. सात पुस्तकांच्या मालिकेतील हे दुसरे. पहिले पुस्तक लिहीत असताना या बाई लहान मुलीला एकट्याने सांभाळत सरकारी मदतीवर दिवस काढीत होत्या. अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. शेवटी १९९७ साली ते छापले गेले आणि पुढे जगभर पोहोचले. मालिकेचा मराठी अनुवादही झाला आहे.

शाळा कोणाची?

हॅरी हा अनाथ मुलगा हॉगवर्ट्स नावाच्या जादूच्या निवासी शाळेत शिकतो. ही शाळा फार पूर्वी चौघांनी मिळून काढली. त्यांपैकी स्लिदरिन म्हणाला, ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जादू आहे त्यांचीच मुले येथे शिकतील. इतर तिघांना हे मान्य नव्हते. स्लिदरिन शाळा सोडून गेला. पण जाताना एक गुप्त दालन आणि त्यात एक भयंकर प्राणी ठेवून गेला. आपला वारस येईल, दालन उघडेल आणि ‘अपात्र’ मुलांचा निकाल लावील, हा त्याचा डाव.

आणि एका रात्री भिंतीवर अक्षरे उमटतात : दालन उघडले आहे. शेजारी रखवालदाराची मांजर ताठ होऊन लटकत असते. मग एकेक विद्यार्थी दगडासारखा होऊन पडू लागतो. भिंतीच्या आतून येणारा आवाज फक्त हॅरीला ऐकू येतो.

पहिला विद्यार्थी बळी पडतो तो एका दूधवाल्याचा मुलगा. वर्गातील सर्वांत हुशार मुलगी हर्मायनी. तिचे आईवडील दातांचे डॉक्टर, घराण्यात जादू नाही. श्रीमंत घरचा मॅलफॉय तिला सर्वांदेखत ‘मडब्लड’, म्हणजे चिखलाच्या रक्ताची, म्हणतो. या शब्दाचा अर्थ आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

रविवारच्या वाचनवर्गात आम्ही ही गोष्ट भागाभागाने सांगितली. येथवर आल्यावर सातवीतील एक मुलगा हळूच म्हणाला, “वर्गात नवीन सर आले की मी आडनाव सांगत नाही.” वर्गातील कोणीही हसले नाही. त्या दिवशी गोष्ट पुढे गेली नाही. मुलेच बोलत राहिली. एरवी हे त्याने कधी सांगितले असते, असे आम्हास वाटत नाही.

कोडे सुटते कशाने?

कोडे मंत्राने सुटत नाही. हर्मायनी ग्रंथालयात जाऊन पुरावा शोधते आणि ती स्वतः दगड झाली तरी तिच्या मुठीतला कागद मित्रांना वाट दाखवतो. पन्नास वर्षांपूर्वी शाळेत मेलेल्या एका मुलीचे भूत तेथेच रडत असते. सगळे तिला चिडवतात. तू मेलीस कशी, हे हॅरी तिला विचारतो, तेव्हा उलगडा होऊ लागतो. दुसरीकडे हॅग्रिड या भोळ्या माणसाला पुराव्याशिवाय तुरुंगात नेतात. कारण अधिकाऱ्यांना काहीतरी केल्याचे दाखवायचे असते. खरा गुन्हेगार कोण, हे मुलांनीच वाचून काढावे.

एक गोष्ट मात्र आम्हास पटली नाही. या जादूगारांच्या घरी राबणारे गुलाम आहेत. मालकाने कपडा दिला तरच त्यांची सुटका. २००० सालच्या चौथ्या पुस्तकात हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते, तर सर्वजण तिची थट्टा करतात आणि बहुतेक गुलाम गुलामीतच सुखी दाखवले आहेत. येथे पालकांनी थांबून मुलांना विचारावे : हे खरे वाटते का?

पालकांनी काय करावे?

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक चांगले. त्याहून लहान मुले शेवटच्या प्रसंगांना घाबरतील; त्यांना जवळ बसवून वाचून दाखवावे. विकत घेणे परवडत नसेल तर ग्रंथालयात मागावे. मध्येच थांबून ‘तुला कोणावर संशय येतो? का?’ असे विचारावे. पुरावा मागण्याची सवय अशीच लागते.

आणि हेही स्पष्ट सांगावे, की ही जादू पुस्तकातली. ताप आला तर दवाखाना. जादूटोण्याच्या नावाखाली फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला आहे, हेही मुलांना ठाऊक हवे.

गोष्टीतल्या भुताला मूल घाबरले तरी पुस्तक मिटल्यावर ती भीती संपते. रक्तावरून माणसाची किंमत ठरवणारे भूत पुस्तकाबाहेर आहे. ते ओळखायला आपली मुले लहानपणीच शिकोत.