दूरच्या वर्गातील संख्याशास्त्र

मार्च २०२० मध्ये देशातील महाविद्यालयांची दारे बंद झाली, तेव्हा त्या वर्षाचा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी अर्ध्याहून अधिक पुरा झालेला होता. राहिली होती ती प्रात्यक्षिके, थोडी उजळणी आणि परीक्षा. चार-सहा आठवड्यांत सारे पूर्ववत होईल, असा समज त्या वेळी सार्वत्रिक होता. त्यामुळे अध्यापकाने घरातल्या भिंतीशी फळा टेकवावा, समोर मोबाईल उभा करावा आणि नेहमीचे व्याख्यान नेहमीच्याच गतीने द्यावे, ही व्यवस्था तात्पुरती सोय म्हणून कोणी फारशी चर्चा न करता स्वीकारली. मधली थोडी उघडझाप वगळता ही तात्पुरती सोय जवळजवळ दोन शैक्षणिक वर्षे चालली. एवढ्या काळात काय शिकवले गेले आणि काय शिकले गेले, याचा हिशेब मात्र अजून नीट मांडला गेलेला नाही.

हा हिशेब सर्वच विषयांचा मांडावयास हवा. परंतु संख्याशास्त्राचा आधी मांडावा, याला कारण आहे. एक तर हा विषय ऐकून येत नाही. इतिहासाचे उत्तम व्याख्यान नुसते ऐकूनही श्रोत्याच्या पदरी काही पडते. प्रमाण विचलनाचे सूत्र कितीही सुरेख समजावून सांगितले, तरी विद्यार्थ्याने स्वतः वीस-पंचवीस आकडे मांडून, वर्ग करून, बेरीज चुकवून आणि पुन्हा करून पाहिल्याखेरीज ते त्याचे होत नाही. दुसरे असे की, याच दोन वर्षांत सारा समाज नकळत संख्याशास्त्राच्या वर्गात बसला होता. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बाधितांचे प्रमाण, मृत्युदर, रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी असे आकडे येत होते. ज्या विषयाची गरज सर्वांत अधिक, त्याचेच अध्यापन सर्वांत अधिक लंगडे पडले.

प्रारंभीच एक गंमत घडली. गंमत म्हणण्यापेक्षा अनवस्था म्हणावी. विद्यार्थ्यांपाशी इंटरनेटची सोय आहे किंवा नाही, हे जाणून घेण्यासाठी ठिकठिकाणी प्रश्नावल्या पाठविण्यात आल्या, आणि त्या पाठविल्या इंटरनेटवरूनच! उत्तरे आली ती अर्थातच ज्यांच्यापाशी सोय होती त्यांची. त्यांवरून ‘बहुसंख्य विद्यार्थी ऑनलाईन शिक्षणास तयार आहेत’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या चुकीचे एक प्रसिद्ध उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठविल्या. पत्ते घेतले होते ते प्रामुख्याने दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. तेवीस-चोवीस लाख उत्तरे परत आली, आणि त्यांच्या आधारे लँडन जिंकणार असे भाकीत वर्तविण्यात आले. प्रत्यक्षात साठ टक्क्यांहून अधिक मते रूझवेल्ट यांना मिळाली. मंदीच्या त्या काळात दूरध्वनी आणि मोटार बाळगणारा मतदार हा सर्व मतदारांचा प्रतिनिधी नव्हता. शिवाय ज्यांनी उत्तरे पाठविण्याचे कष्ट घेतले, ते न पाठविणाऱ्यांहून निराळे होते. नमुना मोठा असला म्हणजे तो खरा असतो असे नाही, हा धडा दरवर्षी शिकविणाऱ्या संस्थांनीच तो विसरावा, हे नवल म्हटले पाहिजे.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर सरकारच्या दप्तरी आधीच तयार होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागातील १४.९ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांतच इंटरनेटची सोय आढळली होती. संगणकाचे प्रमाण तर ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरांत २३.४ टक्के होते. पुढील दोन-तीन वर्षांत मोबाईलचा प्रसार झपाट्याने वाढला हे खरे. पण संगणकाचे तसे म्हणता येणार नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक निर्णायक होता. ‘आर’सारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती वापरताही येते, परंतु घरातल्या चौघांत मिळून एक असलेल्या मोबाईलच्या चार बोटे रुंद पडद्यावर तिचे काम करणे म्हणजे खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहण्यासारखे आहे. एके काळी संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळांत हाताने दांडा फिरविण्याची फॅसिट यंत्रे असत आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी त्यांच्या खडखडाटाने वर्ग भरून जाई. २०२० मधील अनेक विद्यार्थ्यांना तेवढीही सामग्री हाताशी नव्हती.

मग करावयास काय हवे होते? घरबसल्या शिक्षण ही काही या साथीने लावलेली नवी गोष्ट नव्हे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू केले. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे अध्यापन १९७१ मध्ये सुरू झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. या संस्थांच्या परंपरेत एक गोष्ट पक्की ठरलेली आहे: दूरच्या विद्यार्थ्यास व्याख्यान पोचवायचे नसते, काम पोचवायचे असते. त्यासाठी लहान लहान घटकांचे छापील पुस्तक लागते, प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतः करून पाहण्याची उदाहरणे लागतात, ठरावीक मुदतीत सोडवून पाठविण्याचा स्वाध्याय लागतो आणि तो तपासून, चुकीशेजारी शेरा लिहून परत करणारा माणूस लागतो. पारंपरिक विद्यापीठांनी या साऱ्या अनुभवाकडे दुय्यम दर्जाचे शिक्षण म्हणून पाहिले. संकट आले तेव्हा त्यांनी मुक्त विद्यापीठांची रीत घेतली नाही. स्वतःचाच वर्ग फळ्यासकट पडद्यावर नेऊन ठेवला. पंचेचाळीस मिनिटांचे व्याख्यान, समोर काळ्या चौकटींत साठ नावे आणि ‘सर, आवाज येत नाही’ हा एवढाच संवाद, असे त्याचे रूप झाले.

संख्याशास्त्रात काम पोचविणे कसे शक्य होते, याचे एक उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. नमुन्यांच्या सरासरीचे वितरण हा या विषयातला अवघड घाट. समष्टीतून एक नमुना घेतला तर त्याची एक सरासरी येते, दुसरा घेतला तर दुसरी. या साऱ्या सरासऱ्यांचे मिळून एक वितरण असते, ही कल्पना फळ्यावर सांगितली तर विद्यार्थी मान डोलावतात आणि परीक्षेत सूत्र लिहितात. कल्पना मात्र हवेतच राहते, कारण प्रत्यक्षात प्रत्येकाने आयुष्यात एकच नमुना पाहिलेला असतो. दूरच्या वर्गात हीच अडचण सोय होऊ शकते. पाचशे कुटुंबांच्या मासिक वीजवापराचे कल्पित आकडे दोन पानांवर क्रमांकवार लिहावेत आणि त्या पानांचे छायाचित्र सर्वांना पाठवावे. सोबत यादृच्छिक अंकांच्या कोष्टकाचे एक पान द्यावे. असे कोष्टक टिपेट यांनी १९२७ मध्येच प्रसिद्ध केले होते; त्यासाठी संगणक लागत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या हजेरी क्रमांकाच्या ओळीपासून आरंभ करून पंचवीस कुटुंबे निवडावीत, साध्या गणकयंत्रावर त्यांची सरासरी काढावी आणि अध्यापकास फक्त ती एक संख्या संदेशाने कळवावी. एक संख्या पाठवायला वेगवान इंटरनेट लागत नाही. गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या टेकाडावर क्षणभर मिळालेली ‘रेंज’ पुरते.

साठ विद्यार्थ्यांच्या साठ सरासऱ्या आलेखावर मांडल्या की जे दिसते ते कोणत्याही व्याख्यानाने दाखविता आले नसते. ठिपके मूळ आकड्यांइतके विखुरलेले नसतात, खऱ्या सरासरीभोवती दाटीने बसलेले असतात, आणि त्यांचे विचलन मूळच्या सुमारे पाचव्या भागाइतके निघते, कारण पंचविसाचे वर्गमूळ पाच. पुढचे पाऊल याहून मोलाचे आहे. प्रत्येकाने आपल्या नमुन्यावरून ९५ टक्के विश्वासाच्या दोन मर्यादा काढाव्यात. सगळ्यांच्या मर्यादा एकाखाली एक मांडल्या, तर साठांपैकी साधारण तिघांच्या मर्यादांत खरी सरासरी सापडतच नाही. त्या तिघांनी गणितात काही चूक केलेली नसते. नियमाप्रमाणे नमुना घेतला, बिनचूक आकडेमोड केली, तरीही निष्कर्ष खोटा निघाला, हा अनुभव विद्यार्थ्यास स्वतःच्या वहीत येतो. संख्याशास्त्राचे निम्मे मर्म त्यात आहे. आणखी एक फायदा आनुषंगिक, पण अध्यापकांना तो लगेच पटेल. प्रत्येकाचे आकडे निराळे असल्याने शेजाऱ्याची वही उतरवून घेण्यात काही अर्थच उरत नाही.

साथीने उदाहरणांचा तर ढीग समोर घातला होता. जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जलद प्रतिजन चाचणीस मान्यता दिली, तेव्हा तिची संवेदनक्षमता ५०.६ ते ८४ टक्के असल्याचे नमूद केले होते. म्हणजे खरोखर बाधित अशा शंभर जणांपैकी सोळा ते एकोणपन्नास जणांना ही चाचणी निरोगी ठरवू शकत होती. लक्षणे असूनही चाचणी नकारात्मक आली तर दुसरी चाचणी करावी, हा नियम या आकड्यांतून आला होता. तो का आला हे समजलेला विद्यार्थी घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगू शकला असता. सशर्त संभाव्यतेचा धडा रंगीत चेंडूंच्या पिशवीवर शिकविण्याची आवश्यकता त्या वर्षी तरी नव्हती.

त्याच वर्षी पुण्यात झालेली प्रतिपिंडांची पाहणीही अशीच. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच प्रभागांतून १,६६४ जणांचे रक्तनमुने घेण्यात आले आणि ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. ‘अर्ध्या पुण्याला संसर्ग होऊन गेला’ असा त्याचा सरसकट अर्थ अनेकांनी लावला. परंतु हे पाच प्रभाग मुळात रुग्णसंख्या अधिक असल्यामुळे निवडलेले होते. त्या पाचांतसुद्धा प्रमाण ३६.१ टक्क्यांपासून ६५.४ टक्क्यांपर्यंत बदलत होते. मुंबईत त्याच सुमारास तीन विभागांत झालेल्या पाहणीत झोपडवस्तीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के असे प्रमाण आढळले होते. या दोन आकड्यांची नुसती सरासरी काढून ‘मुंबईचे प्रमाण’ सांगणारा विद्यार्थी नापास व्हावयास हवा. आणि का, हे त्याला एका परिच्छेदात लिहिता आले तर तो विषय शिकला, असे म्हणता येईल.

परीक्षेत मात्र असा परिच्छेद लिहिण्याची संधी त्याला मिळाली नाही. परीक्षा घ्याव्यात की न घ्याव्यात, यावर २०२० च्या पावसाळ्यात मोठा वाद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याची सूचना केली, महाराष्ट्र शासनाने त्या न घेण्याची भूमिका घेतली, आणि २८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की राज्यास परीक्षा पुढे ढकलता येतील, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही. या साऱ्या वादात परीक्षा कशाची घ्यावयाची, हा प्रश्न कोणीच लावून धरला नाही. ऑक्टोबरमध्ये त्या झाल्या त्या मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांच्या. घरी बसून, पुस्तक आणि मित्रांचा फोन हाताशी ठेवून, चार पर्यायांतून एक निवडावयाचा, यात दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर एका अक्षराने देता येते, ते उत्तर एका संदेशाने मागविताही येते. गुण भरघोस पडले, आणि आता ‘कोविडची बॅच’ असा शिक्का तरुणांच्या माथी आहे. बँकेत, विमा कचेरीत किंवा शाळेत अर्ज घेऊन गेलेल्या उमेदवाराला त्या शिक्क्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्या गुणपत्रिकेत खरोखर शिकलेला आणि न शिकलेला यांत भेद करण्याची शक्तीच राहिलेली नाही. ज्याने त्या दोन वर्षांत दिव्याखाली बसून उदाहरणे सोडविली, त्याच्यावर हा अन्याय सर्वांत मोठा आहे.

हे जुने उगाळण्याचे प्रयोजन असे की, विषय संपलेला नाही. मे २०२१ मध्ये अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाचा एक मसुदा प्रसृत केला आणि त्यात अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाईन शिकविण्याची कल्पना मांडली. कल्पना त्याज्य नाही. कोणते चाळीस टक्के, हा मात्र विषयागणिक निराळा प्रश्न आहे. संख्याशास्त्रात सूत्रांची सिद्धता विद्यार्थी घरी ध्वनिचित्रफितीवर चार वेळा थांबवून पाहू शकतो, आणि ते वर्गातील एका वेळच्या ऐकण्याहून बरे. प्रात्यक्षिके, आणि आलेल्या निष्कर्षावर तोंडी उलटतपासणी, ही समोरासमोरच व्हावयास हवी. व्यवहारात नेमके उलटे होण्याचा धोका आहे, कारण प्रयोगशाळेला जागा, यंत्रे आणि सेवक लागतात; खर्च वाचवायचा तर कात्री तेथेच आधी लागते.

शिवाय साठ विद्यार्थ्यांचे साठ निराळे स्वाध्याय तपासणार कोण? राज्यातील महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार आज तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहत आहेत. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. रात्री बसून तपासलेल्या वहीचे आणि चुकीशेजारी लिहिलेल्या शेऱ्याचे त्यांच्या बिलात कलम नाही. दूरच्या अध्यापनात मुख्य काम तेच असते. मिश्र अध्यापनाची योजना आखणाऱ्यांनी संगणकप्रणालीची खरेदी करण्याआधी त्या बिलाचा नमुना एकदा मागवून पाहावा.