जादूच्या शाळेतील ‘ढ’ विद्यार्थिनी

जादूची शाळा हा बालकादंबरीचा प्रकार मराठी वाचकांना प्रामुख्याने ‘हॅरी पॉटर आणि परीस’ आणि त्यापुढील पुस्तकांमुळे परिचित झाला असला, तरी त्या मालिकेतील पहिले पुस्तक १९९७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले, त्याच्या तेवीस वर्षे आधी, म्हणजे १९७४ साली, लंडनमध्ये जिल मर्फी या लेखिकेची ‘द वर्स्ट विच’ ही छोटेखानी कादंबरी आली होती. ‘विच’ या शब्दाला मराठीत ‘चेटकीण’ हा प्रतिशब्द असला, तरी आपल्या लोककथांतील चेटकीण भीतीदायक असते, आणि येथे मात्र ती गणवेश घालून, वेण्या घालून वर्गात बसणारी मुलगी आहे. ‘वर्स्ट’ या विशेषणाचा अर्थही येथे ‘दुष्ट’ असा नसून, वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे ज्या एकाक्षरी शब्दाने हिणवले जाते, त्या ‘ढ’शी तो अधिक जुळतो.

अशा पुस्तकांना प्रकाशनव्यवसायात ‘मिडल-ग्रेड’ म्हणतात. साधारण आठ ते बारा वर्षांच्या, स्वतः वाचू लागलेल्या परंतु किशोरवयात न पोहोचलेल्या मुलांसाठी लिहिलेले साहित्य, असा त्याचा अर्थ होतो. या वयाच्या मुलाचे घराबाहेरचे जग म्हणजे बहुतांशी शाळा, आणि ब्रिटिश बालसाहित्यात शाळा-कथेची परंपराही जुनी आहे. रग्बी येथील निवासी शाळेवर आधारलेली टॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ १८५७ साली प्रसिद्ध झाली, तर एनिड ब्लायटनच्या ‘मॅलरी टॉवर्स’ मालिकेची सहा पुस्तके १९४६ ते १९५१ या काळात आली. घर सोडून आलेले मूल, जिवाभावाची मैत्रीण, खोडसाळ प्रतिस्पर्धी, करड्या शिस्तीच्या बाई आणि शेवटी सर्व शाळेसमोर होणारे कौतुक हा या कथांचा ठरलेला साचा होता, आणि मर्फीने त्यात गणित-भूगोलाच्या जागी मंत्र आणि काढे बसवले.

मर्फीचे शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत झाले होते आणि शाळकरी वयातच तिने ही कथा लिहायला घेतली होती. काळपट गणवेशातल्या मुली पाहून आईने त्यांना चेटकिणींची उपमा दिली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे ती सांगत असे. चेटकिणींच्या शाळेला मुले घाबरतील, या शंकेने काही प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले, आणि अखेर अॅलिसन अँड बझ्बी या संस्थेने ते लेखिकेच्याच रेखाचित्रांसह छापले.

कादंबरीची नायिका मिल्ड्रेड हबल ही मिस कॅकल यांच्या अकादमीत पहिल्या वर्षाला आहे. तिच्या वेण्या सुटलेल्या असतात, बुटांचे बंद लोंबत असतात, आणि शाळेत आल्यावर थोड्याच दिवसांत तिचा उडता झाडू भिंतीवर आदळून मोडतो. प्रत्येक मुलीला मांजराचे काळे पिल्लू देण्याच्या समारंभात नेमकी काळी पिल्ले संपतात आणि मिल्ड्रेडच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचे पिल्लू येते, जे झाडूवर बसायलाही तयार नसते. काढ्यांच्या परीक्षेत हसू आणणारा काढा करायचा असतो, परंतु मिल्ड्रेड आणि तिची मैत्रीण मॉड यांच्या कढईत अदृश्य करणारा काढा तयार होतो आणि तो पिताच दोघी दिसेनाशा होतात. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की अदृश्य होणे ही परीकथेतील मोठी सिद्धी असूनही, वर्गशिक्षिका मिस हार्डब्रूम यांच्या लेखी ती केवळ चुकलेली उत्तरपत्रिका ठरते.

या प्रसंगात या साहित्यप्रकाराचे मर्म दडलेले आहे. लोककथेत जादू वरदानाने, अंगठीने किंवा दिव्याने एका क्षणात मिळते, त्यामुळे ती मिळवण्यासाठी काय करावे लागते हा प्रश्नच उद्भवत नाही. शाळेत आल्यावर मात्र तीच जादू अभ्यासक्रम होते, तिला पाठांतर, सराव आणि परीक्षा यांचे बंधन पडते, आणि जे शिकावे लागते ते चुकूही शकते. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतही रोक बेटावरील जादूच्या विद्यालयात विद्यार्थ्याला प्रत्येक वस्तूचे खरे नाव घोकावे लागते. परंतु तेथील गेड हा असामान्य प्रतिभेचा मुलगा असून गर्वापोटी केलेल्या चुकीतून एक काळी छाया मोकळी सुटते, आणि हॅरी पॉटर तर शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच जादूगारांच्या जगात विख्यात झालेला असतो.

मिल्ड्रेडजवळ असे काहीच नाही. तिच्या मागे भाकीत नाही, पुढे ठरलेले प्राक्तन नाही, आणि तिच्या चुकाही गर्वातून नव्हे, तर धांदलीतून होतात. चिडवणाऱ्या एथेल हॅलोचे तिने डुक्कर केल्यावर एथेल सूड म्हणून तिला मंतरलेला झाडू देते, त्यामुळे हॅलोवीन या भुताखेतांच्या सणाला व्हायची कवायत सर्वांसमोर कोसळते, आणि शिक्षेच्या धास्तीने पळून गेलेल्या मिल्ड्रेडला रानात मिस कॅकल यांची जुळी बहीण अॅगथा साथीदारांसह शाळा बळकावण्याचा कट करताना आढळते. मिल्ड्रेड त्या सर्वांना गोगलगायी करून टाकते आणि शाळा वाचते. म्हणजे शेवटचे यश एकाएकी प्रकट झालेल्या दैवी शक्तीचे नसते, तर शाळेत जे रूपांतर गुन्हा ठरले होते, तेच येथे योग्य जागी कामी आलेले असते.

मर्फीने या मालिकेची आठ पुस्तके लिहिली, त्यांपैकी शेवटचे २०१८ साली आले, आणि २०२१ साली तिचे निधन झाले. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंतच्या चव्वेचाळीस वर्षांत मिल्ड्रेडने शाळा मात्र सोडली नाही. जादूच्या शाळेत प्रवेश मिळावा असे प्रत्येक मुलाला वाटत असले, तरी तेथे आपला निभाव लागेल की नाही ही शंकाही त्याच्या मनात असतेच, आणि मिल्ड्रेडकडे पाहिल्यावर मागच्या बाकावरही आपल्यासाठी जागा आहे, हे त्याला कळते.