खाल्ले कुणी, भोगले कुणी!

आमच्या नात्यातल्या एका मुलीला काही वर्षांपूर्वी शाळेत प्रार्थना चालू असतानाच फिट आली. मुलगी नववीतली, खेळकर, सर्दी-तापापलीकडे आजारपण माहीत नसलेली. कुणी कांदा हुंगवला, कुणी नाकाशी चप्पल धरली, शिपायाने धावत जाऊन रिक्षा आणली. संध्याकाळपर्यंत मेंदूचा सीटी स्कॅन झाला आणि त्या काळ्या फिल्मवर हरभऱ्याएवढे एक पांढरे कडे दिसले. आणखी दोन तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितले, ‘‘घाबरू नका, ट्यूमर नाही. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या एका जंताची ही पुटी आहे.’’

घर माळकरी. आजीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ‘‘डॉक्टर, गळ्यात तुळशीची माळ आहे माझ्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि तुम्ही कसलं नाव काढता?’’

‘‘आजी, तुमच्या नातीनं काही खाल्लंय असं मी म्हणतच नाही,’’ डॉक्टर शांतपणे म्हणाले. ‘‘खाल्लंय दुसऱ्याच कुणीतरी. तुमच्यापर्यंत पोचली ती फक्त अंडी. आणि तीही कोंबडीची नव्हेत.’’

कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसाचा विषय निघाला की आपण सहसा म्हणतो, ‘ज्याचे पोट त्याला बाधेल, आपल्याला काय त्याचे?’ शाकाहारी माणूस तर हे पान उलटूनच पुढे जातो. पण एकाने घाईत खाल्लेल्या कच्च्या घासाची किंमत पुष्कळदा दुसराच कुणीतरी मोजतो. त्या मुलीच्या डोक्यातले पांढरे कडे हा त्याचा पुरावा होता.

हा प्रवास कसा घडतो ते पाहू. (रविवारचा नाश्ता चालू असेल, तर हा परिच्छेद चहा झाल्यावर वाचावा.) या जंताचे नाव टीनिया सोलियम, मराठीत आपण त्याला पट्टकृमी म्हणतो. बाधा झालेल्या डुकराच्या मांसात भिजल्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पुट्या असतात आणि प्रत्येक पुटीत जंताचे एक डोके दडलेले असते. मांस नीट शिजले तर ते मरते. कच्चे राहिले तर माणसाच्या आतड्याला चिकटते आणि तिथे दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही लांब फितीसारखा जंत वाढतो. त्या माणसाला बहुधा काहीच होत नाही. थोडे पोट दुखेल, एवढेच. वर्षानुवर्षे तो हा पाहुणा पोसत राहतो आणि त्याला पत्ताही नसतो. जंताचे तुकडे मात्र शौचावाटे बाहेर पडत असतात आणि एकेका तुकड्यात हजारो अंडी असतात. उघड्यावरची विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात पुन्हा पुट्या धरतात. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

माणसाने मांस खाल्ले तर पोटात जंत होतो. पण तीच अंडी माणसाच्या पोटात गेली, मग ती न धुतलेल्या हातांतून जावोत, पाण्यातून जावोत की सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीच्या जुडीतून, तर शरीर त्या माणसाला डुकरासारखेच वागवते. अंड्यांतून निघालेली पिल्ले रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन पुटी करून बसतात. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात आणि फिट येणे हे त्याचे नेहमीचे लक्षण. थोडक्यात, मेंदूत पुटी होण्यासाठी मांसाला शिवण्याचीही गरज नसते. आणि ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या बोटांवरून ती अंडी आधी त्याच्याच मुलाबाळांच्या ताटात जातात.

मांसातली पुटी आणि पोटातला जंत हे एकाच प्राण्याचे दोन अवतार आहेत, हे सिद्ध करायला एक विलक्षण, आजच्या नीतीत न बसणारा प्रयोग करावा लागला. 1855 साली फ्रीडरिश क्यूखेनमाइस्टर या जर्मन डॉक्टरांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका खुन्याला, त्याच्या नकळत, अन्नातून डुकराच्या मांसातल्या पुट्या खाऊ घातल्या. शिक्षेनंतर शवविच्छेदन केले, तेव्हा आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडले.

यातला एक धागा हिंदुस्थानातूनही जातो. 1930 च्या दशकात ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या ध्यानात आले, की फेफऱ्याचे झटके येणारे कित्येक सैनिक पूर्वी हिंदुस्थानात नोकरी करून आलेले आहेत. मायदेशी परतल्यावर कैक वर्षांनी त्यांना झटके सुरू होत. अशा 450 रुग्णांचा अभ्यास 1961 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांतले बहुतेक इथे राहून गेलेले होते.

आणि खुद्द आपले? फिट आलेल्या मुलाच्या स्कॅनमध्ये छोटे कडे दिसले की ती क्षयाची गाठ, असे आपल्याकडे बरीच वर्षे धरले जाई आणि क्षयाची औषधे महिनोन्‌महिने चालत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. 1989 मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की यातल्या अनेक गाठी क्षयाच्या नव्हेत, या जंताच्या आहेत. पुढे वेल्लोर जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली, तेव्हा फिटचा विकार चालू असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमागे हाच जंत निघाला. देवऋषी, अंगारे, ठरलेली लग्ने मोडणे, ‘बाहेरची बाधा’ हे सगळे ज्या आजारापायी आपल्या समाजाने भोगले, त्यातला एवढा मोठा हिस्सा टाळता येण्याजोगा होता!

पण हे सगळे गरीब देशांचे दुखणे, असे म्हणावे तर न्यूयॉर्कची गोष्ट आठवते. तिथल्या कर्मठ ज्यू वस्तीत डुकराचे मांस धर्माने निषिद्ध. तरीही 1990 च्या सुमारास तिथल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या चार जणांना फिट येऊ लागल्या आणि मेंदूत याच पुट्या आढळल्या. शोध घेता घेता डॉक्टर त्या घरांत काम करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांपर्यंत पोचले. त्यांतल्या एकीच्या पोटात पट्टकृमी होता. तिला स्वतःला कसलाच त्रास नव्हता. तिला दोष तरी कसा द्यायचा? कधीतरी, आपल्या गावी, नीट न शिजलेला एक घास तिने खाल्ला होता, एवढेच.

जंतांचे झाले, तसेच जिवाणूंचेही. 1993 च्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम भागात एका उपाहारगृह-साखळीच्या अर्धवट भाजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जिवाणूची एक घातक जात पसरली. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुले दगावली. त्यांतल्या दीड वर्षाच्याही न झालेल्या एका बाळाने हॅम्बर्गर तोंडातसुद्धा घेतला नव्हता. पाळणाघरातल्या दुसऱ्या आजारी मुलाकडून त्याला लागण झाली. पुढल्याच वर्षी तिथल्या सरकारने हा जिवाणू असलेला खिमा ‘भेसळयुक्त’ ठरवून विक्रीस बंदी केली.

खिमाच का? मांसाच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि बाहेरून चांगले भाजले की मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचे आत जाते, दहा ठिकाणचे मांस एकत्र होते आणि गोळ्याच्या मध्यभागी जिवाणू सुरक्षित बसतात. पट्टकृमीच्या पुट्या तर मुळातच मांसाच्या आत असतात. म्हणून बाहेरचा खरपूस रंग पाहून आत शिजल्याची खात्री धरता येत नाही.

या बाबतीत आपल्या जुन्या स्वयंपाकघराला दाद द्यावीच लागेल. रटरट उकळणारा रस्सा, कुकरच्या चार शिट्ट्या, मंद आचेवर तासभर शिजलेले मटण. यात जंतही उरत नाही, जिवाणूही नाही. गोव्यातले सोरपोतेल पाहा. मांस आधी उकडायचे, मग बारीक चिरून परतायचे, मग मसाल्यात पुन्हा शिजवायचे. चवीसाठी म्हणून केलेली ही मेहनत रक्षणही करते. धोका वाढला आहे तो नव्या हौशीपायी. गच्चीवरची बार्बेक्यूची रात्र, बाहेरून काळे नि आतून गुलाबी राहिलेले कबाब, फ्रीजरमधून काढून थेट तव्यावर टाकलेले बर्फाळ पॅटिस. मीठ, व्हिनेगर आणि धुराने मुरवलेले सॉसेजही शिजवूनच खायचे असते, हे पाहुण्याला कुणी सांगत नाही.

म्हणून काही गोष्टी गृहिणींनीच नव्हे, आता हौसेने कबाब भाजायला उभ्या राहणाऱ्या बाप्यांनीही ध्यानात ठेवाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की पदार्थाच्या ऐन मध्यभागी 70 अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. घरी तापमापक नसतो. तेव्हा सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी दिसला, हाडाशी लाल पाणी सुटले, तर पुन्हा विस्तवावर. रंग अगदी बिनचूक साक्षीदार नव्हे; शंका वाटली तर पाच मिनिटे जास्त शिजवणे हाच शहाणपणा. गोठलेले मांस आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पुरते सुटू द्यावे. कच्ची कोंबडी धो धो नळाखाली धुऊ नये, कारण उडालेले शिंतोडे शेजारच्या काकडीवर बसतात. मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवावेत, ते जमत नसेल तर साबणाने घासून मगच कोशिंबीर चिरावी. मांस तपासणी होणाऱ्या रीतसर कत्तलखान्यातलेच घ्यावे. चार पैसे वाचवायला कुठून आले ते ठाऊक नसलेले नको. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुणे, हे तर शाकाहारी-मांसाहारी दोघांनाही सारखेच.

कच्च्या खायच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली पान न्‌ पान सुटे करून धुवाव्यात. औषधी गुलाबी पाण्यात बुचकळून काढले की झाले, असे मानू नये. ही अंडी तेवढ्याने मरतात याचा भरवसा नाही. आणि हे वाचून घाबरून दुकानातून जंताचे औषध आणून घेऊ नये. मेंदूत पुटी असेल तर अशा औषधाने झटका येऊ शकतो. ते काम डॉक्टरांचे.

तरीही सगळा भार चुलीवर टाकून चालणार नाही. पोटात जंत वाढवणारा माणूस गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे. डुकरे पाळून पोट भरणाऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण डुक्कर घाणीत जाते ते घाण उघड्यावर असते म्हणून. वस्तीत वापरता येण्याजोगी शौचालये झाली, डुकरे बंदिस्त राहिली, मांसाची तपासणी नीट झाली, की हे रहाटगाडगे थांबते. या जंताला माणसाच्या आतड्याशिवाय वाढायला दुसरे घरच नाही. युरोपच्या बऱ्याच भागातून तो याच वाटेने हद्दपार झाला.

आमच्या त्या मुलीने फिटच्या गोळ्या दोन वर्षे नेमाने घेतल्या. नंतरच्या स्कॅनमध्ये ते पांढरे कडे विरून गेले होते. अंडी नेमकी कुठून आली, कुठल्या भेळेतून की कुठल्या जुडीतून, ते कधीच कळले नाही. असे ते सहसा कळतही नाही. आता ती कॉलेजात शिकते आहे.

आजीच्या गळ्यात माळ आहेच. कोथिंबीर तीन पाण्यांतून काढल्याशिवाय ती विळीपाशी बसत नाही. थोरला नातू मित्रांबरोबर बाहेर सगळे खातो, हे घरातले उघड गुपित. पूर्वी तो उशिरा आला की आजी तोंड फिरवून बसायची. परवा मात्र तो चपला घालत असताना तिने त्याला हाक मारली आणि हळूच म्हणाली, ‘‘खायचं ते खा बाबा, मी काही विचारत नाही. पण नीट शिजलेलं खा. घरात बहीण आहे तुझी.’’