औषधाला दाद न देणारी बुरशी

शिळ्या भाकरीवर आणि पावसाळ्यात कातडी वहाणांवर बुरशी धरते, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. भाकरी टाकून देता येते, वहाण उन्हात ठेवता येते. पण अशीच एखादी बुरशी माणसाच्या रक्तात शिरली तर काय करावयाचे? धडधाकट माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही. मधुमेह हाताबाहेर गेलेला, कर्करोगावरची औषधे चालू असलेला, किंवा शिरेत नळी घालून कित्येक दिवस इस्पितळात पडून असलेला रोगी तिला सापडतो.

मग औषध द्यावे, झाले, असे तुम्ही म्हणाल. अडचण इथेच आहे. पेनिसिलिनसारखी औषधे जिवाणूंवर चालतात, बुरशीवर नाही. बुरशीची पेशी ही जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या अधिक जवळची. तिच्यावर घातलेला घाव आपल्यालाही लागतो. अँफोटेरिसिन हे जुने आणि जोरदार औषध बुरशीला मारते, पण रोग्याच्या मूत्रपिंडालाही जाचते. (याच घराण्यातले ‘हमायसिन’ हे औषध आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच पिंपरीचे नाव आहे. शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे.)

एक फरक मात्र आपल्या उपयोगी पडतो. बुरशीच्या पेशीला बाहेरून भिंत असते, आपल्या पेशीला ती नसते. ही भिंत बहुतेक बुरशींत ग्लुकान नावाच्या धाग्यांनी विणलेली असते. एकायनोकँडिन वर्गातली औषधे हा धागा विणणाऱ्या विकरालाच अडवतात. त्यांतले पहिले, कॅस्पोफंजिन, २००१ साली अमेरिकेत मान्य झाले. विणकरच अडला की भिंत कच्ची राहते आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. कँडिडा या बुरशीवर हे औषध फार चांगले चालते, रोग्याला त्रासही कमी. ते तोंडाने घेता येत नाही, शिरेतूनच द्यावे लागते.

मग बुरशी त्याला दाद देईनाशी कशी होते? कोट्यवधी पेशींत एखादीच्या जनुकात फेरफार होतो आणि त्या विणकराची ठेवण जराशी बदलते. औषधाची पकड तेथे बसत नाही. बाकीच्या पेशी मरतात, हिला रान मोकळे मिळते. औषध पुष्कळ दिवस चालले, किंवा ते नीट पोचत नाही अशा जागी, उदाहरणार्थ पोटातल्या गळवात, बुरशी दडून राहिली, की हे अधिक घडते. शेतकऱ्याला यात नवे काही नाही. एकच फवारा वर्षानुवर्षे मारला की कीड त्याला जुमानीत नाही, तोच हा प्रकार.

काही बुरशींना तर हे औषध मुळातच लागू पडत नाही. २०२१ च्या मे महिन्यात कोविडपाठोपाठ ‘काळी बुरशी’ म्हणजे म्यूकर आली, ते दिवस आठवा. (काळा रंग खरे तर मेलेल्या मांसाचा, बुरशीचा नव्हे.) अंधेरी-बोरिवलीकडे काय आणि घाटकोपर-मुलुंडकडे काय, नातेवाईक हातात चिठ्ठी घेऊन अँफोटेरिसिनसाठी दुकाने पालथी घालीत होते. घाटकोपरच्या माझ्या एका विद्यार्थ्याने तेव्हा विचारले, “सर, ते दुसरे महागडे इंजेक्शन मिळतेय ना, मग तेच का नाही देत?” प्रश्न रास्त होता. पण म्यूकरच्या भिंतीत ते ग्लुकान फारच थोडे. तिची बांधणी मुख्यतः कायटिनच्या जातीच्या द्रव्यांची. जो धागा भिंतीत जवळजवळ नाहीच, त्याचा विणकर अडवून काय उपयोग? दिवस मात्र फुकट जातात, आणि या रोगात बुरशी नाकातून डोळ्याकडे, मेंदूकडे सरकत असते. डॉक्टर मांसाचा तुकडा काढून तपासणीला पाठवतात, तेव्हा घरच्यांना तो वेळकाढूपणा वाटतो. पण कोणते औषध चालवायचे हे त्या तुकड्यावरूनच पक्के होते.

आता डॉक्टरांना अधिक धास्ती आहे ती कँडिडा ऑरिसची. २००९ साली जपानात एका रोग्याच्या कानातून ती प्रथम ओळखली गेली, आणि २०१३ मध्ये दिल्लीतल्या रोग्यांत ती आढळल्याचे प्रसिद्ध झाले. फ्लुकोनाझोल हे नेहमीचे औषध तिच्यावर बहुधा चालत नाही, म्हणून सगळी भिस्त एकायनोकँडिनवर. तेही निकामी झाले तर पुन्हा अँफोटेरिसिनकडे वळावे लागते, आणि ही बुरशी कधीकधी त्यालाही जुमानीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची यादी केली, तीत हिला सर्वांत वरच्या गटात घातले आहे.

ही बुरशी खाटेच्या कठड्यावर, रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यावर कित्येक दिवस जिवंत राहते, आणि हातांवरून पुढच्या रोग्याकडे जाते. साध्या फिनेलने पुसून ती जाईलच असे नाही, म्हणून इस्पितळात क्लोरीनचे पाणी वापरतात. गावाकडून उपनगरातल्या इस्पितळात आपल्या माणसाला भेटायला आलात, आणि परिचारिकेने खाटेवर बसू नका, आत येताना आणि बाहेर जाताना हात धुवा असे सांगितले, तर त्यामागचे कारण हे आहे.