आंतरराष्ट्रीय शिक्षणाचा अभ्यासक्रम निवडताना

‘आंतरराष्ट्रीय शिक्षण’ या एकाच नावाखाली भिन्न विषय शिकविले जातात, हे परदेशी एम्. ए. करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावे. काही अभ्यासक्रम देशोदेशींच्या शिक्षणपद्धतींची तुलना करतात. काही आंतरराष्ट्रीय शाळांतील अध्यापनाची तयारी करवितात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१४ साली विलीन झालेल्या शिक्षणसंस्थेत ‘शिक्षण व आंतरराष्ट्रीय विकास’ असा एम्. ए. आहे, खेड्यातील शिक्षकास तो अधिक जवळचा. ब्रिटनमध्ये पूर्णवेळ अभ्यास बहुधा एक वर्षाचा, अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी दोन वर्षांचा असतो. तेव्हा शुल्काबरोबरच निर्वाहखर्च व रजेचा काळही हिशेबात धरावा. संस्थेच्या कीर्तीआधी पाठ्यविषयांची यादी वाचावी. आपल्या वर्गातील कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, हे ज्यास ठाऊक असते, त्याची निवड सहसा चुकत नाही.