जवळच्या गावचा प्रवासी

मुंबईहून निघालेला लोहमार्ग थळ घाटाची चढण चढून, नांदगावचा उजाड माळ मागे टाकून, १८६० नंतरच्या दशकात गिरणा-तापीच्या काळ्या जमिनीत उतरला. त्या वेळी त्याची दिशा ठरविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या अभियंत्यांपुढे पाचोऱ्याच्या माणसाने जळगावच्या बाजारी कसे जावे, अथवा धुळ्याच्या कचेरीत ज्याचा दावा पडून आहे अशा पारोळ्याच्या कुळाने तारखेला वेळेवर कसे हजर व्हावे, हा प्रश्न मुळीच नव्हता. त्यांना वऱ्हाड आणि जबलपूर गाठावयाचे होते. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला होता आणि खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर लवकरात लवकर उतरविण्याची निकड निर्माण झाली होती. भुसावळहून १८६७ साली नागपूर जोडले गेले, १८७० साली जबलपूरपाशी कलकत्त्याकडील रूळ येऊन मिळाले, आणि या दोन महामार्गांच्या वाटेत आली म्हणून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे वाढली. धुळे, जे पेशवाईच्या अस्तानंतर कॅप्टन ब्रिग्ज याने हेतुपूर्वक जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून वाढविले होते, ते मात्र वाटेत आले नाही.

खानदेशातील दळणवळणाच्या आजच्या बहुतेक गाऱ्हाण्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येथून जाणारी वाहतूक पुष्कळ आहे, येथल्यासाठी असलेली थोडी. हावड्याची, अमृतसरची, वाराणसीची गाडी जळगावच्या फलाटावरून दिवसरात्र धडधडत जाते, आणि त्याच फलाटावर वीस-पंचवीस कोसांच्या आतला नोकरदार, विद्यार्थी आणि दूधवाला ‘आपली गाडी कोठवर आली’ याची चौकशी करीत उभा असतो.

धुळ्याची उपेक्षा रेल्वे कंपनीच्या ध्यानात आली ती १९०० साली. त्या वर्षी चाळीसगावहून धुळ्यापर्यंत सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा निघाला. त्याच सुमारास किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीच्या व्यवस्थापनाखालील तापी व्हॅली रेल्वेने सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा या मार्गाने अमळनेर गाठले, आणि अमळनेर ते जळगाव हा दुवा जी. आय. पी. ने पुरा केला. नकाशावर पाहता एवढ्याने खानदेशची सोय झाल्यासारखी दिसते. परंतु जो धुळ्याहून जळगावास रेल्वेने जाऊ इच्छितो त्याने नकाशाकडे जरा निरखून पाहावे. त्याला आधी उलट्या दिशेने चाळीसगावास यावे लागते, तेथे उतरून भुसावळकडची गाडी धरावी लागते, आणि सडकेने जे अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास भरते ते रुळांवरून सुमारे १४८ किलोमीटर होते. एके काळी एकाच जिल्ह्यात नांदणारी आणि १९०६ साली पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाल्यापासून सवत्या दप्तरांची ठाणी बनलेली ही दोन शहरे सव्वाशे वर्षांत रुळाने सरळ जोडली गेली नाहीत.

त्यात १९५१ साली रेल्वेची विभागणी झाली, तेव्हा हद्दीचा आणखी एक घोळ पदरी पडला. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळ आणि धुळ्याचा फाटा मध्य रेल्वेकडे. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार पश्चिम रेल्वेकडे. पहिल्या भागाचे वेळापत्रक भुसावळ मंडळात ठरते, दुसऱ्याचे मुंबई मंडळात. अमळनेरहून निघून जळगावी गाडी बदलून पाचोऱ्यास जाणारा मनुष्य हा एका कार्यालयाच्या दृष्टीने जळगावला उतरलेला, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने जळगावला चढलेला. मधल्या तासाभराच्या खोळंब्याची नोंद दोघांच्याही दप्तरी नसते.

चाळीसगाव-धुळे फाट्याच्या इतिहासातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही, कारण गाडी वेळेवर येणे ही प्रवासाची एकच अडचण नव्हे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२९ साली खानदेशात आले होते. धुळ्याच्या फाट्यावरील एका गावच्या बहिष्काराची चौकशी आटोपून ते २३ ऑक्टोबरला चाळीसगाव स्थानकावर उतरले. महारवाडा तेथून पायी जाण्याजोगा. परंतु पाहुण्यास पायी नेणे लोकांना प्रशस्त वाटेना, आणि एकही टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकावयास राजी होईना. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा नाही, अशी तोड निघाली; लगाम वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाच्या हाती आला, आणि नदीवरील मोरीवर चाक अडखळून बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. हा वृत्तान्त त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे. स्थानकापासून घरापर्यंतच्या त्या शेवटच्या मैलाची व्यवस्था करणे हे कोणाचेच काम नसते, हा शिरस्ता तेव्हाचा आणि आजचाही.

आता रोज अप-डाउन करणाऱ्याची कैफियत. पॅसेंजर गाडी उशिरा का येते, याचे उत्तर रूळ पाहिल्यास तत्काळ कळते. लहान स्थानकावर मुख्य मार्गाच्या बाजूस एक वळणाचा रूळ असतो, त्याला लूप म्हणतात. मागून मेल येत आहे असा नियंत्रकाचा हुकूम आला की पॅसेंजर त्या लुपावर घेतली जाते. मेल निघून जाते. तिच्या मागोमाग दुसरी असेल तर तीही जाते. मग सिग्नल पडतो. अग्रक्रमाच्या यादीत साध्या गाडीचे स्थान इतके खाली आहे की तिचा उशीर हा अपघात नसून व्यवस्थेचाच भाग मानला जातो. वेळापत्रक करणाऱ्यांना हे ठाऊक असल्याने शेवटच्या दोन स्थानकांत तिला भरपूर जादा वेळ दिलेला असतो. त्यामुळे भुसावळास ती पुष्कळदा कागदोपत्री वेळेवर पोहोचते, परंतु वाटेतल्या म्हसावदला किंवा शिरसोलीला जो तिची वाट पाहत होता त्याच्या हजेरीपटावर लाल रेघ पडलेलीच असते. डब्यातही तीच गत. पासधारकांच्या ठरलेल्या बैठकी, खिडकीतून आत भिरकावलेला रुमाल आणि त्या रुमालाचा हक्क बजावण्यासाठी मागाहून चढणारा त्याचा धनी, ही आपल्याकडील वहिवाट आहे; तिचे नियम कोठे लिहिलेले नाहीत आणि सहसा कोणी मोडीतही नाही.

करोनाच्या साथीने ही घडी पुरती विसकटली. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, आणि पुन्हा धावू लागल्या तेव्हा पुष्कळ पॅसेंजरांच्या माथी एक्स्प्रेसचे नाव आले. गाडी तीच, थांबे बहुतेक तेच, वेगही तोच; मात्र किमान भाडे १० रुपयांऐवजी ३० रुपये. भादलीहून जळगावी भाजी आणणाऱ्या बाईला या नामांतराचा अर्थ विचारावयास पाहिजे होता. महिन्याचे पासही पुष्कळ काळ बंद राहिले. जुने भाडे फिरून लागू झाले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. (भादलीचे नाव निघाले म्हणून सांगतो: धरणगावी जन्मलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी याच स्थानकापाशी रूळ ओलांडताना गाडीखाली सापडले. लहान स्थानकांत रूळ ओलांडण्याची गरज व सवय दोन्ही अद्याप गेलेल्या नाहीत.)

ज्याला खऱ्या अर्थाने ‘येथल्यासाठी’ म्हणता येईल असा एकच लोहमार्ग जळगाव जिल्ह्यात होता: पाचोरा-जामनेर. अडीच फूट रुंदीचे रूळ, ५६ किलोमीटरची धाव, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बांधणी. लोक तिला ‘पी. जे.’ म्हणत. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी ती थांबत थांबत जाई; तिच्या मंदगतीची थट्टा सर्वांनी केली, परंतु शेंदुर्णीच्या यात्रेकरूला आणि पाचोऱ्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या पोराला तिच्याइतके स्वस्त वाहन दुसरे नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि फिरून निघाली नाही. रुंद रूळ घालून ती बोदवडपर्यंत नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली आहे, ही गोष्ट चांगलीच. तथापि नवा मार्ग होईपर्यंत जुन्याचे काय, या प्रश्नावर ‘बसने जावे’ एवढेच उत्तर आहे.

आणि बस म्हणजे एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून ज्या गावाला रूळ नाहीत त्याला शासनाचे दर्शन बहुधा या लाल गाडीच्या रूपानेच घडत आले. तिच्या साऱ्या सेवेत अत्यंत मोलाची आणि अत्यंत दुर्लक्षित अशी जर कोणती फेरी असेल तर ती मुक्कामी गाडीची. चोपडा, यावल, शिरपूर किंवा साक्रीच्या आगारातून दिवस मावळता निघालेली बस शेवटच्या गावी जाऊन थांबते. चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वा गाडीतच अंथरूण टाकतात, कोणाच्या तरी घरून भाकरी-ठेचा येतो, आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दवाखान्याचे रोगी व दुधाच्या कॅन घेऊन तालुक्याला परतते. ही एक फेरी बंद झाली की मुलीचे महाविद्यालय सुटते. बापाचे उत्तर ठरलेले असते, की काळी-पिवळीत कोंबून तिला पाठवणार नाही. आगाराच्या हिशेबात मात्र या फेरीचे भारमान कमी भरते. भारमान म्हणजे गाडीतल्या किती जागांचे उत्पन्न आले याचे प्रमाण. आणि संध्याकाळी आडगावाला जाणाऱ्या गाडीचे ते कमी असणारच. गाडी नादुरुस्त झाली वा वाहक रजेवर गेला, की पहिली काट या फेरीवर बसते, आणि तीन-चार वेळा रद्द झालेल्या फेरीची वाट पाहणे लोक सोडून देतात. मग भारमान आणखी घटते, आणि ते कारण दाखवून फेरी कायमची बंद होते.

ऑक्टोबर २०२१ पासून पुढल्या एप्रिलपर्यंत चाललेल्या कर्मचाऱ्यांच्या संपाने हे दुष्टचक्र अधिक वेगाने फिरविले. कामगारांची वेतनाची तक्रार खरी होती, हे त्यांच्या पगारपत्रकांवरून दिसतच होते. परंतु त्या सहा महिन्यांत जो प्रवासी खासगी वाहनाकडे वळला त्यातला पुष्कळसा लगेच परत आला नाही. त्याला परत आणले ते सवलतींनी: ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. धुळ्याच्या स्थानकात तेव्हापासून गर्दीचे स्वरूप पालटले. माहेरी, देवदर्शनाला, बाजाराला बायका एकट्या निघू लागल्या, आणि कित्येक वर्षांत एस. टी. च्या बाबतीत इतकी हितावह घटना घडली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही. उणीव एवढीच की प्रवासी वाढले त्या प्रमाणात गाड्या वाढल्या नाहीत. साथीपूर्वी सुमारे १८,००० असलेला महामंडळाचा ताफा १५,००० च्या घरात आला होता. अर्ध्या तिकिटात उभे राहावयास मिळते, अशी थट्टा त्यामुळेच रूढ झाली.

सुधारणा झाल्याच नाहीत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. सुरत-जळगाव मार्गाचे दुपदरीकरण व विद्युतीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा समोरच्या गाडीसाठी एकेरी रुळावर तिष्ठत बसणे संपले. इगतपुरी-भुसावळ मार्गावर मेमू आली. धुळ्याहून मुंबईकडे जाण्यासाठी पूर्वी दोन-चार डबे चाळीसगावला अमृतसरच्या गाडीस जोडले जात. त्यांच्या जागी एप्रिल २०२३ मध्ये दादरपर्यंत स्वतंत्र गाडी मिळाली, आरंभी आठवड्यातून तीनच दिवस. धुळे व सावदा येथील स्थानकांच्या नूतनीकरणाचे उद्घाटन २२ मे २०२५ रोजी झाले. जळगाव-मनमाड चौथ्या मार्गास आणि जळगाव-जालना या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. यांपैकी स्थानकांच्या कमानींचे मला फारसे अप्रूप नाही. नव्या रुळांचे आहे, पण सावधपणे: तिसरा-चौथा मार्ग मालगाड्यांनी आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांनी भरून टाकावयाचा असेल, तर पाचोऱ्याच्या पासधारकाला लूप बदलून मिळेल, एवढेच. सकाळच्या दोन तासांत एक रूळ साध्या गाडीसाठी मोकळा राहील, अशी तरतूद वेळापत्रकातच करावी लागेल.

खरी आशा एका तुलनेने छोट्या तुकड्यावर आहे. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गास सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. त्यासाठी धुळे-शिरपूरच्या किती पिढ्यांनी अर्जविनंत्या केल्या याची गणना नाही. परंतु त्याच मार्गातला धुळ्याजवळील बोरविहीर ते नरडाणा हा सुमारे ५० किलोमीटरचा भाग, ज्याची कोनशिला धुळे-नरडाणा मार्ग म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्येच बसली होती, तो खानदेशच्या दृष्टीने इंदूरपेक्षाही महत्त्वाचा आहे. तो झाला की धुळ्याचे रूळ नरडाण्याला तापी खोऱ्याच्या मार्गास मिळतील, आणि अमळनेर, धरणगाववरून जळगावास सरळ गाडी जाऊ शकेल. मात्र नरडाणा पश्चिम रेल्वेचे आणि धुळे मध्य रेल्वेचे. ती गाडी कोणत्या मंडळाची असावी, तिचे डबे कोणी द्यावेत, नरडाण्याला इंजिनाची दिशा बदलावी लागणार की नाही, आणि उतरलेल्या माणसाला शिंदखेड्याची बस त्याच दहा मिनिटांत मिळावी म्हणून आगारप्रमुखाने स्थानकप्रमुखाशी बोलावे की जिल्हाधिकाऱ्यांनी दोघांना बोलवावे, या गोष्टी रूळ पडण्यापूर्वी ठरविता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी भूसंपादन लागत नाही आणि मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही. एस. टी. च्या धुळे व जळगाव येथील विभाग नियंत्रकांनी आणि भुसावळ व मुंबईच्या मंडळ व्यवस्थापकांनी एका टेबलाशी बसणे लागते, आणि त्या बैठकीची मागणी अद्याप एकाही पक्षाच्या निवेदनात माझ्या वाचनात आलेली नाही.